उबुंटूवर अपडेटनंतर छपाई बिघडली: जुनं व्हर्जन परत कसं आणायचं?

प्रश्न असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिसात उबुंटू २२.०४ ची तीन मशिनं. सोमवारी दोन मशिनांवर अपडेट झालं आणि तेव्हापासून बारकोड लेबलची उजवी कड कापून येते. तिसऱ्या मशिनवर ते अपडेट आलंच नाही. लेबल प्रिंटर यूएसबीचा. गेल्या आठवड्याचं व्हर्जन परत बसवायला गेलं तर ॲप्ट (उबुंटूवर पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, बसवणारं साधन) म्हणतं, असं व्हर्जन सापडत नाही. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "फॉरमॅट मारून टाका." आणि माल गुरुवारी निघायचाय.

फॉरमॅट मारू नका. काम फार तर तासा-दोन तासांचं आहे. त्यातला बराचसा वेळ नक्की काय बदललं हे शोधण्यात जाईल, प्रत्यक्ष डाउनग्रेडला, म्हणजे जुनं व्हर्जन बसवायला, पाच-दहा मिनिटं पुरतात. सोलापुरात कारखान्यांची आणि कॉलेजच्या लॅबची लिनक्स मशिनं सांभाळताना मला एक गोष्ट नेहमी दिसते: लोक डाउनग्रेड करायला घाबरतात आणि एकदा झालं की निर्धास्त होतात. खरं तर उलटं हवं. जुनं व्हर्जन बसवणं सोपं असतं. ते बसवल्यावर मशिन तसंच अडकून पडू नये, पुढचं चांगलं अपडेट त्याला मिळावं, ही व्यवस्था करणं जास्त महत्त्वाचं, आणि तीच बहुतेक जण विसरतात.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. सुरुवातीचं 'सुडो' म्हणजे ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालव.

आधी दोष पॅकेजचाच आहे ना, ते बघा. प्रिंटरची केबल काढून तिसऱ्या मशिनला लावा, कागदाचा आकार इतर मशिनांइतकाच ठेवा आणि तीच लेबलची पीडीएफ छापा. तिथेही कड कापली गेली तर पॅकेज निर्दोष. मग रोल बदललाय का, तो नीट बसलाय का, सेन्सरवर तंतू साचलेत का ते पाहा. टॉवेलच्या कारखान्यात सेन्सरवर तंतू बसले नाहीत तरच नवल. तिथे लेबल नीट आलं तर दोष अपडेटकडे आहे हे कळलं, शिवाय गुरुवारची सोयही झाली: लेबलं त्या मशिनवरून छापा आणि बाकीचं शांतपणे करा. घाईत केलेलं डाउनग्रेड हे मूळ बिघाडापेक्षा मोठं संकट असतं.

दुसरी शक्यता सेटिंगच्या फाइलची. अपडेट चालू असताना मधेच एक प्रश्न येतो: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजमधली नवी घेऊ की तुमची ठेवू? घाईत वाय दाबला जातो आणि तुमची सेटिंग बाजूला पडते. ती पुसली जात नाही, शेजारीच .डीपीकेजी-ओल्ड अशी शेपटी लागून राहते. एन दाबला असेल तर पॅकेजमधली नवी फाइल .डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने राहते. दोन्ही एकदम शोधायला:

सुडो फाइंड /एटसी -नेम '*.डीपीकेजी-*'

सोमवारच्या तारखेची अशी फाइल सापडली तर डाउनग्रेड विसरा, दोन फाइलींतला फरक पाहा.

तिसरी शक्यता आपल्याकडे कायम हजर असते: अपडेट चालू असताना लाइट गेली. मग काही पॅकेजं उलगडलेली पण बसवणी अर्धवट, अशी राहतात. 'सुडो डीपीकेजी --ऑडिट' अशा अर्धवट पॅकेजांची यादी देतं. यादी रिकामी नसेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा आणि पुन्हा छापून पाहा. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या "अपडेटने बिघडवलं" या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात. आणि हो, ऑफिसच्या मशिनला यूपीएस नसेल तर अपडेटच करू नका, एवढं कडक मत माझं आहे.

या तिन्ही शक्यता गेल्या की खरा शोध. ॲप्ट प्रत्येक वेळचा हिशेब लिहून ठेवतं:

/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग

महिना उलटला की ही फाइल आकुंचित होऊन .१.जीझेड अशा नावाने बाजूला जाते, ती झेडलेसने वाचता येते. सोमवारची नोंद काढा. त्यात सुरुवातीची वेळ, कोणती आज्ञा दिली, कोणी दिली आणि 'अपग्रेड' या शब्दापुढे प्रत्येक पॅकेजचं नाव, कंसात आधी जुनं व्हर्जन, मग नवं. तुमच्याकडे चाळीस-पन्नास नावं असतील. छपाईशी संबंध असणारी निवडा: कप्स (लिनक्सची छपाईची यंत्रणा), कप्स-फिल्टर्स, घोस्टस्क्रिप्ट आणि पॉपलर (पीडीएफ हाताळणारी पॅकेजं) आणि प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर वेगळा असेल तर तो. आकार कापला जाणं, पान सरकणं हे सहसा फिल्टरचं काम. कप्स रांग सांभाळतं. पीडीएफ घेऊन ती प्रिंटरला समजेल अशा रूपात आणणं फिल्टर करतात. म्हणून मी पहिला संशय कप्स-फिल्टर्सवर घेईन. तुमच्या नोंदीत ते नसेल तर त्याच्या जागी तुमचं संशयित पॅकेज धरून पुढे वाचा, रीत तीच.

आता ही आज्ञा, आधी बिघडलेल्या मशिनवर आणि मग तिसऱ्यावर:

ॲप्ट-कॅश पॉलिसी कप्स-फिल्टर्स

यात सध्या बसलेलं व्हर्जन, पुढे बसू शकणारं व्हर्जन आणि खाली एक तक्ता दिसतो: कोणतं व्हर्जन भांडाराच्या (जिथून पॅकेजं उतरतात त्या साठ्याच्या) कुठल्या कप्प्यात आहे. "असं व्हर्जन सापडत नाही" याचं उत्तर या तक्त्यात आहे. उबुंटू २२.०४, म्हणजे जॅमी, तीन मुख्य कप्प्यांतून पॅकेजं देतं. 'जॅमी' या कप्प्यात एप्रिल २०२२ मध्ये प्रकाशित झालेलं मूळ व्हर्जन आहे, ते कधी बदलत नाही. 'जॅमी-सिक्युरिटी'त सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि 'जॅमी-अपडेट्स'मध्ये त्या दुरुस्त्या आणि इतर सुधारणा. मेख अशी की शेवटच्या दोन्ही कप्प्यांत फक्त सर्वांत नवं व्हर्जन ठेवतात. नवं आलं की आधीचं भांडारातून जातं. तुमचं गेल्या आठवड्याचं व्हर्जन अपडेट्समधलं असेल तर ते सोमवारी त्या तक्त्यातून नाहीसं झालं. ॲप्ट खोटं बोलत नव्हतं.

तिसऱ्या मशिनचं कोडंही इथे सुटतं. अपडेट्स कप्प्यातलं नवं व्हर्जन उबुंटू सगळ्यांना एकदम देत नाही. आधी थोड्या टक्के मशिनांना, मग हळूहळू सगळ्यांना, म्हणजे मधेच तक्रारी आल्या तर वाटप थांबवता येतं. कोणाचा नंबर आधी, हे मशिनच्या ओळखक्रमांकावरून ठरतं. पॉलिसीच्या तक्त्यात नव्या व्हर्जनपुढे 'फेज्ड' आणि टक्केवारी दिसली तर प्रकार हाच. तुमची पहिली दोन मशिनं एकाच्या डिस्कची नक्कल (इमेज) दुसऱ्यावर उतरवून केली असतील तर दोघांचा ओळखक्रमांक एकच असू शकतो, आणि मग दोन्ही एकदम बिघडणं हा योगायोग राहत नाही.

यातून आणखी एक कामाची गोष्ट कळते. सुरक्षेच्या दुरुस्त्या अशा टप्प्याटप्प्याने देत नाहीत, त्या सगळ्यांना लगेच जातात. तेव्हा बिघडवणारं व्हर्जन फेज्ड असेल तर ते नुसत्या अपडेट्स कप्प्यातलं आहे, आणि सिक्युरिटी कप्प्यात त्याच्या आधीचं, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह असलेलं व्हर्जन अजून उभं असण्याची शक्यता मोठी. तक्त्यात ते दिसलं तर तेच घ्या.

मूळ जॅमी कप्प्यातलं, एप्रिल २०२२ चं व्हर्जन मात्र घेऊ नका. ते तक्त्यात कायम दिसतं म्हणून मोह होतो आणि इंटरनेटवरचे बरेच सल्ले तिकडेच नेतात. पण याच पॅकेजांच्या कुटुंबात २६ सप्टेंबर २०२४ रोजी गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी कप्स-ब्राउज्ड ही सेवा यूडीपीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कोणाचंही ऐकत होती. बाहेरचा माणूस तिच्यामार्फत खोटा प्रिंटर जोडू शकत होता आणि तुम्ही त्यावर काही छापायला टाकलं की त्याची आज्ञा तुमच्या मशिनवर चालू शकत होती. जाहीर झालेल्या प्रत्येक सुरक्षा त्रुटीला सीव्हीई क्रमांक मिळतो, सीव्हीई-२०२४-४७१७६ हा त्या मालिकेतला एक. मूळ व्हर्जनवर जाणं म्हणजे ही सगळी भोकं पुन्हा उघडणं. कुठलंही जुनं व्हर्जन घेण्याआधी 'ॲप्ट चेंजलॉग कप्स-फिल्टर्स' चालवा. वरून खाली वाचत तुम्हाला हवं असलेल्या व्हर्जनपर्यंत या. मधल्या नोंदींत 'सिक्युरिटी अपडेट' आणि सीव्हीई क्रमांक दिसले तर तेवढी संरक्षणं तुम्ही सोडून देताय. ती सोडायची की नाही हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या.

जाता जाता: यूएसबीच्या लेबल प्रिंटरला कप्स-ब्राउज्डची गरज नसते. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप सापडायला नको असतील तर 'सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउज्ड' करून ती सेवा बंदच ठेवा.

समजा सिक्युरिटी कप्प्यातही हवं ते व्हर्जन नाही. मग तीन ठिकाणी शोधता येतं.

पहिलं ठिकाण तुमच्याच डिस्कवर: /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज. ॲप्ट-गेटने अपडेट केलं असेल तर उतरवलेल्या डेब फाइली (पॅकेज याच रूपात येतं) इथे राहतात. नुसत्या 'ॲप्ट'ने केलं असेल तर बसवून झाल्यावर त्या आपोआप पुसल्या जातात. आज्ञा जवळपास सारख्या, सवय मात्र वेगळी.

दुसरं ठिकाण तुमचं तिसरं मशिन, आणि माझी पसंती यालाच. जे पॅकेज बसलेलं आहे आणि नीट चालतंय, त्यातून पुन्हा डेब फाइल बांधून देणारं डीपीकेजी-रीपॅक नावाचं छोटं साधन आहे. तिसऱ्या मशिनवर ते बसवा आणि:

सुडो डीपीकेजी-रीपॅक कप्स-फिल्टर्स कप्स-फिल्टर्स-कोअर-ड्रायव्हर्स कप्स-ब्राउज्ड लिबकप्सफिल्टर्स१ लिबफॉन्टएम्बेड१

तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे डेब फाइली तयार होतात. पेनड्राइव्हने दुसऱ्या मशिनवर न्या. दोन अटी: दोन्ही मशिनांवर उबुंटूचं व्हर्जन आणि प्रोसेसरचा प्रकार एकच हवा. आणि लक्षात असू द्या की तिसऱ्या मशिनवर बदललेल्या सेटिंगच्या फाइलीही त्यात बांधल्या जातात, म्हणून अशा फाइली कारखान्याबाहेर कोणाला देऊ नयेत.

तिसरं ठिकाण लाँचपॅड. उबुंटूची पॅकेजं तिथे बांधली जातात आणि पॅकेजच्या पानावर प्रकाशनाचा पूर्ण इतिहास, जुन्या डेब फाइलींसह, मिळतो. डेबियन (उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग हेच काम करतं, तिथे तारीख देऊन त्या दिवशीचं भांडार पाहता येतं. गूगलवर सापडलेल्या भलत्या साइटवरून डेब उतरवू नका. डेब बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतात, हे विसरून चालत नाही.

वरच्या आज्ञेत एकदम पाच नावं का, हे सांगायला हवं, कारण लोक इथेच अडकतात. एकाच मूळ कोडमधून ही पाच पॅकेजं बांधली जातात आणि त्यांतली काही एकमेकांकडे नेमकं तेच व्हर्जन मागतात. एकटं कप्स-फिल्टर्स मागे न्यायला गेलात की ॲप्ट अवलंबित्वाची तक्रार करून हात वर करतं. भावंडं ओळखायची सोपी खूण: हिस्टरी लॉगमध्ये सोमवारच्या नोंदीत ज्यांचा जुना आणि नवा आकडा अगदी सारखा आहे ती सगळी एका घरची. त्यांतली तुमच्या मशिनवर जेवढी बसलेली असतील तेवढी, एकाच आज्ञेत, एकदम मागे न्यायची.

आधी रंगीत तालीम. -एस लावलं की ॲप्ट-गेट फक्त काय होईल ते सांगतं, करत काही नाही:

सुडो ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल कप्स-फिल्टर्स=जुनं-व्हर्जन लिबकप्सफिल्टर्स१=जुनं-व्हर्जन

आणि असंच उरलेल्या भावंडांसाठी. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको, आणि व्हर्जन पॉलिसीच्या तक्त्यातून जसंच्या तसं, शेपटीसकट उचला. उत्तरात दोन याद्या शोधा. 'डाउनग्रेडेड' या शब्दाखाली फक्त तुमची भावंडं असली पाहिजेत. 'रिमूव्ह्ड' या शब्दाखाली काहीच नको. तिथे उबुंटू-डेस्कटॉप किंवा ओळखीचं दुसरं काही दिसलं तर थांबा, एखादं भावंड राहिलंय. याद्या स्वच्छ असतील तर -एस काढून खरी आज्ञा द्या. -वाय लावू नका. लावलंत तर ॲप्ट --अलाऊ-डाउनग्रेड्स मागतं आणि लोक तेही बिनविचार जोडतात. आपल्याला तो प्रश्न वाचूनच होकार द्यायचाय.

डेब फाइलींमधून बसवायचं असेल तर त्या फोल्डरमध्ये जाऊन 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब'. सुरुवातीचं टिंब आणि तिरकी रेघ हवीच, त्यावरून ॲप्टला कळतं की ही फाइल आहे, पॅकेजचं नाव नव्हे. डीपीकेजी -आय ही आज्ञाही चालते, पण ती अवलंबित्व सोडवून देत नाही. शेवटी "रूट म्हणून उतरवलं, सँडबॉक्स वापरला नाही" अशा अर्थाची सूचना आली तर ती निरुपद्रवी आहे, फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असल्यामुळे येते. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट कप्स', रांगेत साचलेली जुनी कामं 'कॅन्सल -ए' ने काढा आणि लेबल छापून पाहा.

आता तो विसरला जाणारा भाग. इथेच थांबलात तर पुढच्याच अपडेटला तेच बिघडवणारं व्हर्जन पुन्हा बसेल. सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'सुडो ॲप्ट-मार्क होल्ड' आणि पॅकेजांची नावं. चालतो, पण मला तो आवडत नाही. होल्ड बिघडलेल्या व्हर्जनला अडवतो, तसाच त्यानंतरच्या दुरुस्त व्हर्जनलाही आणि पुढच्या सुरक्षेच्या दुरुस्तीलाही अडवतो. कायमचा, आणि फारसा गाजावाजा न करता. वर्षानुवर्षं होल्डवर पडलेली पॅकेजं मी कितीतरी मशिनांवर पाहिली आहेत, ज्याने लावला तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. एखादं जुनं मशिन हाती आलं की मी पहिल्यांदा 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवतो.

त्यापेक्षा फक्त त्या एका व्हर्जनला दार बंद करा. /एटसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल बनवा, नाव समजेल असं द्या आणि तीन ओळी लिहा:

पॅकेज: कप्स-फिल्टर्स कप्स-फिल्टर्स-कोअर-ड्रायव्हर्स कप्स-ब्राउज्ड लिबकप्सफिल्टर्स१ लिबफॉन्टएम्बेड१
पिन: व्हर्जन बिघडलेलं-व्हर्जन
पिन-प्रायॉरिटी: -१

उणे प्रायॉरिटीचा अर्थ, हे व्हर्जन कधीच बसवू नको. त्यानंतरचं व्हर्जन आलं की त्याला ही अट लागू नाही, ते आपोआप बसतं. फाइल काढायची राहिली तरी नुकसान नाही. ती लिहून झाल्यावर पुन्हा ॲप्ट-कॅश पॉलिसी चालवून तक्त्यात त्या व्हर्जनपुढे -१ आलाय का ते तपासा. न आल्यास व्हर्जनचा आकडा लिहिताना काहीतरी चुकलंय. आणि हीच फाइल तिसऱ्या मशिनवरही आजच टाका, टप्प्याटप्प्याने येणारं ते अपडेट त्याच्याही दाराशी येणार आहे.

या आकड्यांचा अर्थ माहीत असलेला बरा. आधीच बसलेल्या व्हर्जनचा १००, भांडारातल्या साध्या व्हर्जनचा ५००. हजाराच्या वर आकडा गेला तरच ॲप्ट आपणहून मागे जायला तयार होतं. म्हणून काही ठिकाणी १००१ लिहिण्याचा सल्ला असतो. तो एका पॅकेजसाठी ठीक. पण पॅकेजच्या जागी चांदणीची खूण (*), म्हणजे 'सगळी', आणि पुढे जुन्या उबुंटूचं नाव लिहून १००१ दिलात तर पुढच्या अपडेटला अख्खी सिस्टिम मागे ओढली जाईल आणि मधेच कुठेतरी मोडून पडेल. ती फाइल आंधळेपणाने कॉपी करू नका.

मागे जाणं इतकं नाजूक का? पॅकेजसोबत बसवण्याच्या-काढण्याच्या स्क्रिप्ट येतात. नवं व्हर्जन बसताना त्याच्या स्क्रिप्टला विचारता येतं, आधी कोणतं होतं, आणि ती जुन्या फाइली नव्या रूपात आणते. जुन्या व्हर्जनच्या स्क्रिप्टला मात्र भविष्यात काय बदलणार हे कुठून माहीत असणार? त्यामुळे डेबियन डाउनग्रेड नीट चालेल अशी हमी देतच नाही. भांडार चालवणारे स्वतःसुद्धा आकडा मागे नेत नाहीत. मार्च २०२४ मध्ये फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने ते जाहीर केलं, एसएसएच (दूरच्या मशिनवरचं) लॉगिन अर्धा सेकंद उगाच हळू का होतंय याचा पाठलाग करता करता. डेबियनच्या विकासशाखेत ते व्हर्जन पोचलेलं होतं. जुनं ५.४.५ परत द्यायचं होतं, पण आकडा कमी झाला तर कोणाच्याच मशिनवर ते आपोआप बसणार नाही. म्हणून नव्या पॅकेजचा आकडा ठेवला ५.६.१+रियली५.४.५-१. आतला माल जुना, वरचा आकडा मोठा. तुमच्या लॉगमध्ये कधी 'रियली' हा शब्द असलेलं व्हर्जन दिसलं तर अर्थ तोच.

छपाईचे फिल्टर डेटा साठवत नाहीत, म्हणून तुमचं काम सोपं आहे. तुमच्या बिलिंगचा डेटाबेस याच रीतीने मागे न्यायला जाऊ नका. मायएसक्यूएल ८.० डेटाच्या फाइली स्वतःच्या पद्धतीने बदलून घेतं, त्याच फाइलींवर ५.७ परत चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये १४ च्या आतली छोटी व्हर्जनं एकमेकांच्या फाइली वाचतात, पण १४ आणि १५ यांच्यात फाइलींची देवाणघेवाण नाही. डेटाबेसचं अपडेट करण्याआधी मायएसक्यूएलडंप किंवा पीजी_डंपऑलने पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घ्या, आणि मागे जायची वेळ आलीच तर जुनं व्हर्जन नव्याने, रिकामं बसवून त्यात डंप भरा. अपडेटनंतर झालेली बिलं त्या डंपात नसतील, ती हाताने चढवावी लागतील. आर्थिक वर्षाच्या शेवटी हा प्रकार नको असेल तर मार्चमध्ये डेटाबेसच्या मशिनला हात लावू नका. लिबसी६ हे पॅकेजही कधी मागे नेऊ नका. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्यावर उभा असतो, आणि ते बिघडलं तर दुरुस्तीची साधनंसुद्धा सुरू होत नाहीत.

कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, डाउनग्रेड लागत नाही. नवं कर्नल जुन्याच्या शेजारी बसतं. अपडेटनंतर वाय-फाय किंवा डिस्प्ले गेला तर मशिन सुरू होताना शिफ्ट, नव्या मशिनांवर एस्केप, दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू काढा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मागचं कर्नल निवडा.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. २२.०४ मध्ये तो स्नॅप या वेगळ्या यंत्रणेतून येतो, ॲप्टमधलं त्या नावाचं पॅकेज नुसता दिशादर्शक आहे. त्याला 'सुडो स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स' पुरतं. स्नॅप मागची आवृत्ती डिस्कवर ठेवून असतो, आणि ज्या आवृत्तीवरून मागे आलात ती पुन्हा आपोआप बसवत नाही, त्यानंतरची आली की घेतो. म्हणजे वर आपण तीन ओळी लिहून जे केलं ते इथे आयतं मिळतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातलं काही असेल तर काम ॲप्टपेक्षा सुखाचं आहे. 'डीएनएफ हिस्टरी' प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतं, 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू' आणि तो क्रमांक दिला की त्या दिवशीचा सगळा बदल उलटवायचा प्रयत्न होतो. एका पॅकेजसाठी 'सुडो डीएनएफ डाउनग्रेड'. अट एकच, जुनी आरपीएम (तिथली डेबसारखी फाइल) भांडारात हवी. फेडोरा अपडेट्समध्ये फक्त ताजी ठेवतं, मधली कोजी या त्यांच्या बांधणीच्या यंत्रणेतून आणावी लागतात. रेड हॅटच्या भांडारात जुनी व्हर्जनं राहतात. अडवायला व्हर्जनलॉक ही सोय आहे.

आर्चवाल्या विद्यार्थ्यांसाठी: /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजी मधली जुनी फाइल 'पॅकमन -यू' ने बसवा (मोठं यू). कॅश साफ केली असेल तर आर्च लिनक्स आर्काइव्हमध्ये तारखेनुसार सगळं आहे. पण एकच पॅकेज मागे आणि बाकी सगळं पुढे, हे आर्चला मान्य नाही. फार दिवस तसं ठेवलं तर लायब्ररी जुळत नाहीत. त्यापेक्षा मिररच्या जागी आर्काइव्हची एक तारीख देऊन 'पॅकमन -एसवाययूयू' ने (पहिला एस मोठा) अख्खी सिस्टिम त्या दिवसावर न्या. ओपनसूझे बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर असेल तर काही शोधायचीच गरज नाही. स्नॅपर अपडेटच्या आधीचं चित्र घेऊन ठेवतो, ग्रबमधून त्यात शिरा आणि 'सुडो स्नॅपर रोलबॅक'.

उबुंटूवर अशी सोय टाइमशिफ्टने करता येते. साध्या ईएक्सटी४ डिस्कवर तो आरसिंक पद्धतीने, म्हणजे फाइलींची प्रत ठेवून, चालतो, होम फोल्डर मुळातच वगळतो, त्यामुळे परत जाताना तुमच्या फाइली जागेवर राहतात. तुमच्यासारख्या तीन मशिनांच्या ऑफिसात मी अशी पद्धत लावतो: अपडेट आधी एकाच मशिनवर, माल निघून गेल्यानंतरच्या दिवशी, 'ॲप्ट'ऐवजी 'ॲप्ट-गेट'ने. त्या मशिनची आर्काइव्ह्ज फोल्डर दर वेळी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, कारण कॅशची साफसफाई आपोआप होत राहते. एक नमुना लेबल, एक बिल, एक ई-वे बिल छापून पाहायचं. चार दिवस काही कुरकुर नसेल तर बाकीची मशिनं. कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी आणि गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत अपडेट नाही. त्या काळात मदतीला फोन केलात तर समोरचा माणूस यात्रेत असतो. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं स्वयंचलित अपडेट मात्र चालूच ठेवायचं, ते बंद करून "स्थिर" मशिन मिळतं असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

एक काम उरलं, आणि ते याच आठवड्यात करा. बिघडलेलं व्हर्जन असलेल्या मशिनवर, म्हणजे दोन्ही मशिनं मागे नेण्याआधी एकावर, 'उबुंटू-बग कप्स-फिल्टर्स' चालवा. लाँचपॅडचं पान उघडेल. त्यात चालणारं आणि न चालणारं अशी दोन्ही व्हर्जनं पूर्ण आकड्यांसह लिहा, प्रिंटरचं मॉडेल, लेबलचा मिलिमीटरमधला आकार, दोन्ही छापलेल्या लेबलांचे फोटो आणि ज्यावर ग्राहकाचं नाव नाही अशी नमुना पीडीएफ जोडा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. अपडेट अजून टप्प्याटप्प्याने जात असेल तर अशा नेमक्या तक्रारीवरून वाटप थांबू शकतं. शिवाय त्या तक्रारीचे सदस्य झालात की दुरुस्त व्हर्जन कधी आलं त्याची मेल तुम्हाला येते.